ठोकलेली खुर्ची

४ मार्च

लेकीनं वाढदिवसाला ही डायरी दिली आणि देताना म्हणाली, आठवडाभर टिकलीस तरी जिंकलीस. मी आत्मसंयमाची प्राध्यापक आहे. माणसं ठरवलेलं तडीस का नेतात आणि का नेत नाहीत, यावर माझं पोट चालतं. माझ्या निश्चयावर शंका घेणारं माणूस नेमकं माझ्याच पोटी यावं, याला काय म्हणायचं?

म्हणून लिहितेय. शिवाय आज लिहिण्यासारखं घडलंही. विभागप्रमुखांनी बोलावून सांगितलं, की नोव्हेंबरच्या परिषदेत सरांचा सत्कार ठरलाय आणि त्या दिवशीचं मुख्य व्याख्यान मी द्यायचं. विषय अर्थात सरांचं काम. मी हो म्हणाले आणि बाहेर जिन्यात येऊन जरा रडून घेतलं. आनंदानं.

सर नसते तर मी आज कुठल्या तरी कचेरीत शिक्के मारत बसले असते. वडील गेले तेव्हा नात्यातले सगळे एकमुखानं म्हणाले, पुरे झालं शिक्षण. सर घरी आले, आईसमोर बसले आणि म्हणाले, हिला माझ्या हाताखाली द्या, पुढचं मी बघतो. त्यांनी बघितलंही. सरांच्या घरी, त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या हातचं जेवून मी प्रबंध पुरा केला.

सरांचा सिद्धांत आमच्या शास्त्रात 'टाकी' म्हणूनच ओळखला जातो. माणसाची इच्छाशक्ती म्हणजे पाण्याची टाकी. सकाळी भरलेली असते, एकेक मोह टाळत गेलं की रिकामी होत जाते, आणि तळाशी गेली की माणूस कोसळतो. सरांचा प्रयोगही तितकाच सरळ. भुकेल्या माणसाला ताज्या केकसमोर बसवायचं, हात लावायचा नाही, उठायचं नाही, असं बजावायचं आणि थोडा वेळ एकटं सोडायचं. मग त्याच्या हातात दोऱ्याचा गुंता द्यायचा. तो गुंता पुरता सुटत नाही. माणूस किती वेळ चिकाटीनं सोडवत बसतो ते आम्ही मोजतो. केकसमोर बसलेली माणसं लवकर हात टेकतात. नुसत्या झाडाच्या कुंडीसमोर बसलेली तासन्‌तास लढतात. मी वीस वर्षं हेच वेगवेगळ्या तऱ्हांनी करत आलेय. माझं नाव झालं ते या टाकीच्या पाण्यावर.

७ मार्च

व्याख्यान होईपर्यंत गोड खायचं नाही असं ठरवलं. बिस्किटांचा डबा मिळेना म्हणून शोधला, तर माळ्यावर, पेट्यांच्या मागे. नवऱ्यानं ठेवला म्हणे, चुकून. बँकेत याची एक पै इकडची तिकडे होत नाही आणि घरात डबा माळ्यावर. वय होतंय त्याचं. शिडी काढायचा कंटाळा आला म्हणून राहिलं. नाहीतरी माझा निश्चय पक्काच आहे.

२० मार्च

प्रयोगशाळेची फरशी उखडली. सहा महिने तरी काम चालेल म्हणतात. आम्हाला तळघरात हलवलं. पूर्वी तिथं जुनं सामान टाकत. एकच खिडकी, ती छताजवळ, आणि तिच्यातून रस्त्यावर चालणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. बूट, चपला, एखादं कुत्रं. सरांच्या काळापासूनची आमची खुर्ची जमिनीला ठोकलेली आहे, ती वरच राहिली. कार्यालयानं काढून टाकलेल्या चाकांच्या दोन खुर्च्या मिळाल्या. दगडापेक्षा वीट मऊ म्हणावं आणि बसावं असा प्रकार. विभागप्रमुखांना एक सणसणीत ईमेल लिहिली. पाठवणार तोच घरातलं इंटरनेट गेलं. नवरा म्हणाला, सगळ्या इमारतीचंच गेलंय. शेजारच्या मुलाचा खेळ मात्र जोरात चालू होता. सकाळी इंटरनेट आलं तेव्हा ईमेल वाचून पाहिली आणि पुसली. जरा जास्तच झालं होतं.

९ एप्रिल

दुष्काळात तेरावा महिना. व्याख्यानात ताजे आकडे असावेत म्हणून जुनाच प्रयोग नव्यानं करतोय, आणि फरकच येत नाही. केकवाले आणि कुंडीवाले सारखेच लढतायत. आमची आकडेवाली, म्हणजे विभागातली संख्याशास्त्रज्ञ, तिशीतली, आवाज कधी न चढवणारी बाई, शांतपणे म्हणाली, "मॅडम, टाकी रिकामी होत नाहीये."

मी केकवाल्याला फोन करून विचारलं, लोणी कमी केलंत का. तो दुखावला. मग वाटलं, गुंते सोपे होत असतील. गुंते करायचं काम नवऱ्याकडे आहे; रोज जेवण झाल्यावर बातम्या बघत तो दोऱ्याची रिळं अशी काही बिघडवतो की देवाला सुटू नयेत. त्याच्यावर संशय घेतला तर तो म्हणाला, एक तू सोडवून दाखव. मी बसले. लवकरच उठले. गुंत्यात दोष नाही.

१७ एप्रिल

आज सकाळपासून चित्रीकरण पाहत बसले आणि डोकं फिरलं. सरांची शिस्त अशी, की केकसमोरच्या माणसाचा चेहरा कॅमेऱ्यात दिसलाच पाहिजे. इथं चेहरेच नाहीत. पाठी दिसतायत. एक बाई केक बघते, खुर्ची गर्रकन फिरवते आणि केककडे पाठ करून बसते. एका दाढीवाल्यानं पायानं रेटत खुर्ची थेट खिडकीखाली नेली आणि मान वर करून रस्त्यावरचे पाय बघत बसला, अगदी सिनेमा बघितल्यासारखा. एक जण तर खुर्चीवर गोल गोल फिरत होता. मी आकडेवालीला फैलावर घेतलं. खुर्चीला कोणी साधी वीट लावली नाही? सगळं चित्रीकरण वाया.

ती डबा उघडून जेवायला बसली.

जेवता जेवता मी पुन्हा ती चित्रं लावली, नुसतं चिडायला म्हणून. आणि घास हातातच राहिला. दाढीवाला, ज्यानं खुर्ची खिडकीखाली नेली, तो नंतर गुंत्याशी कितीतरी वेळ झुंजला होता. पाठ फिरवणारी बाईही. गोल गोल फिरणाराही. आणि जे थोडे आज्ञाधारकपणे केकसमोर तोंड करून बसले होते, मुठी आवळून, ते सगळे लवकर हात टेकून गेले होते. टाकी त्यांचीच रिकामी झाली होती. बाकीच्यांनी टाकीला हातच लावला नव्हता.

संयम असलेली माणसं मोहाशी कुस्ती खेळत नाहीत. ती खुर्ची फिरवतात.

आम्ही वीस वर्षं फक्त कुस्ती पाहत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी आकडेवालीला मिठी मारली. तिच्या हातात पोळीचा तुकडा होता. ती म्हणाली, तिला हे मंगळवारीच दिसलं होतं, पण मी आधी ओरडून घेईन आणि मग बघेन, असं वाटल्यामुळे ती थांबली. असं तिला का वाटावं, कोण जाणे.

१८ एप्रिल

सकाळी उठले ती उड्या मारत. दात घासताना गाणं म्हटलं. नवरा म्हणाला, काय झालं? मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, हो का, असं असतं का. आणि लेकीकडे बघून हसला. सामान्य माणसाला शास्त्रातला आनंद कळणं अवघडच.

दुपारी एकदम आठवलं. नोव्हेंबर. सर. ज्या सिद्धांतासाठी त्यांचा सत्कार, त्याच्या मुळावर मी घाव घालून ठेवलाय.

२ मे

सरांकडे गेले. सांगायचं ठरवून गेले होते. सर तिसऱ्या मजल्यावर राहतात, आता ऐंशीच्या उंबरठ्यावर आहेत, पण काठी टेकत जिना अजून न थांबता चढतात आणि आपण धापा टाकत असलो की दारात उभे राहून हसतात. काकूंनी चहा केला. सर सत्काराच्या आनंदात होते. नवा कोट शिवायला टाकलाय, ते मला आत नेऊन कापड दाखवलं.

मी सहज विचारावं तसं विचारलं, सर, आपली खुर्ची ठोकायची कल्पना कुणाची?

सर खुलले. म्हणाले, "माझीच. अगं, माणसं स्वस्थ बसतच नसत. वळायची, भिंतीकडे तोंड करायची. चेहरा काही मिळेना. पहिलं वर्ष त्यातच वाया गेलं. शेवटी सुताराला बोलावलं आणि ठोकून टाकली. तेव्हा कुठे प्रयोग सुरळीत झाला."

त्यांना दिसलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी, अगदी पहिल्याच दिवसांत, सगळं डोळ्यांसमोर होतं, आणि त्यांना ती अडचण वाटली. माझ्या घशात चहा अडकला. काकूंनी पाठीवर थापट्या मारल्या.

मी ताकाला जाऊन भांडं लपवून परत आले.

२३ मे

सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. अशा वेळी त्यांना त्रास देणं बरं नाही. ऑपरेशननंतर सांगेन. शास्त्रात घाई नको, आणखी आकडे जमू देत. लेक म्हणाली, आई, तू सरांना घाबरतेस. मी म्हटलं, याला वैज्ञानिक सावधगिरी म्हणतात. ती म्हणाली, असेल. हल्लीची मुलं फार लवकर निष्कर्षाला येतात.

१४ जून

विभागप्रमुखांना आज सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, सत्कार होऊन जाऊ दे. नोव्हेंबरला टाकीवर छान बोला आणि डिसेंबरात हे छापा. कुणाचं काही बिघडत नाही.

खरं सांगायचं तर मला ते पटलं. म्हणजे निदान पटायला लागलं. म्हातारपणी माणसाला एक संध्याकाळ सुखाची मिळाली तर शास्त्र काही बुडत नाही. मी विचार करते म्हणाले आणि तरंगत तळघरात आले. आकडेवालीला सांगितलं. ती गुंते मोजून ठेवत होती. ती म्हणाली, "म्हणजे नोव्हेंबरात तुम्ही सगळ्यांसमोर जे सांगाल ते खरं नाही हे तुम्हाला ठाऊक असेल. आणि डिसेंबरात सरांनाही ठाऊक होईल, की तुम्हाला ठाऊक होतं."

मग ती पुन्हा गुंते मोजायला लागली. मला तिचा राग आला, आणि राग कशाचा आला ते लक्षात आल्यावर जास्त आला.

२१ जून

आज सांगितलं.

मी काही ठरवलं नव्हतं. नवरा म्हणाला, मला त्याच बाजूला काम आहे, तुला सरांकडे सोडतो, डोळा कसा आहे ते बघून ये. मी म्हटलं, पाचच मिनिटं, खाली थांब. तो हो म्हणाला आणि मला उतरवून गाडी घेऊन निघूनच गेला. फोन केला तर फोन घरी विसरलेला. दोन तास त्याचा पत्ता नाही. विसरभोळेपणाचीही काही हद्द असते. मी सरांसमोर बसून राहिले. ऑपरेशनचं झालं, कोटाचं झालं, काकूंच्या गुडघ्याचं झालं. मग बोलण्यासारखं एकच उरलं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. एका डोळ्यावर पट्टी होती, दुसरा माझ्यावर रोखलेला. मध्ये एकदाही तोडलं नाही, आणि सर न तोडता ऐकतायत याचीच मला भीती वाटत होती. शेवटी म्हणाले, "तुझ्या तळघरात जे वळले ते मुळातच खंबीर असतील. म्हणून वळले, आणि म्हणून गुंत्यालाही पुरून उरले. खुर्चीनं काय सिद्ध होतं?"

मुद्दा बिनतोड होता. मी तेच म्हटलं. मग ते म्हणाले, "ये आता."

इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा ते दारापर्यंत आले नाहीत. काकू आल्या, पण त्यांनी नेहमीसारखं 'पुन्हा ये' म्हटलं नाही. मी खाली येऊन पायरीवर बसून रडले. वडील दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं. नवरा आला तेव्हा त्यानं नुसतं गाडीचं दार उघडलं.

८ जुलै

सरांचा फोन नाही. मी केला तर काकू उचलतात आणि सर झोपलेत म्हणतात. सकाळी अकराला.

१६ जुलै

आज तळघरात खुर्च्या पुसत होते तर जिन्यात ओळखीची काठी वाजली. सर. डोळ्यावर काळा चष्मा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. दारातूनच म्हणाले, "दाखव खोली."

सगळी खोली डोळ्यांखालून घातली. खुर्चीवर बसले, एक गिरकी घेतली, खिडकीतले पाय बघितले. मग म्हणाले, तुझा प्रयोग बरोबर की माझा हे ठरवायचं असेल तर नीट ठरवू. अटी त्यांच्या. खुर्ची सगळ्यांना एकच, नाहीतर म्हणाल एक जास्त आरामशीर होती. फक्त निम्म्यांच्या वेळी तिची चाकं आणि बैठक आतून अडकवायची. कुणाला कसली खुर्ची, हे चिठ्ठी टाकून. म्हणजे खंबीर आणि लेचेपेचे दोन्हीकडे सारखे वाटले जातील. गुंत्याची वेळ जी मोजेल तिला खुर्ची कुठली होती ते कळता कामा नये. कुंडी लागेल, तीही दोन्ही तऱ्हेच्या खुर्च्यांसमोर. किती माणसं घ्यायची ते आज ठरवायचं, मध्येच निकाल आवडला म्हणून थांबायचं नाही. आणि शेवटची अट सांगताना त्यांनी चष्मा काढला. "निकाल कुणाच्याही बाजूनं लागो, नोव्हेंबरात तोच वाचायचा. सत्काराच्या मंचावरून."

मी म्हटलं, सर, सत्कार तुमचा आहे. ते म्हणाले, "म्हणून तर."

मी हो म्हणाले. सर गेले आणि आकडेवाली जिन्याकडे बघत म्हणाली, असला विरोधक सगळ्यांना मिळावा. मला मात्र ते विरोधक म्हणून आले होते की आणखी कशासाठी, तेच कळत नाही. चहाला नाही म्हणाले.

२ सप्टेंबर

लिहायला वेळ नाही. सर रोज येतात. बाहेरच्या बाकावर बसून चिठ्ठ्या तेच काढतात. माझ्याशी कामापुरतं बोलतात, आकडेवालीशी मात्र खूप गप्पा. काल त्यांनी एक अख्खा दिवस रद्द करायला लावला, का तर आमच्या मदतनीस बाईनं एका माणसाला "बसा हं आरामात" म्हटलं आणि दुसऱ्याला नुसतं "बसा". मी चिडले, पण सर बरोबर होते. त्यांच्या या किरकिरीमुळे प्रयोग असा घोटीव होत चाललाय, की मी एकटीनं जन्मात केला नसता.

लेक म्हणते, त्यांना तू हरायला हवं असतं तर ते तुझ्या चुका दुरुस्त कशाला करत बसले असते? मी म्हटलं, तुला सर ठाऊक नाहीत.

१२ ऑक्टोबर

निकाल.

तळघरात आम्ही तिघं. आकडेवाली संगणकापुढे, मी तिच्या मागे, सर त्या चाकाच्या खुर्चीवर. तिनं एकेक ओळ वाचली. खुर्ची अडकवलेली आणि समोर केक: माणसं लवकर हात टेकतात, सरांच्या पुस्तकात आहे तशीच. खुर्ची अडकवलेली आणि समोर कुंडी: चिकाटी शाबूत. मोकळी खुर्ची आणि कुंडी: शाबूत. मग ती थांबली. मोकळी खुर्ची आणि केक. तिनं मला तो आकडा बोटानं दाखवला. कुंडीवाल्यांच्या बरोबरीनं. जराही कमी नाही. भुकेली माणसं, समोर केक, आणि टाकीतला थेंब हललेला नाही.

माझं खरं. माझं खरं, माझं खरं, माझं खरं. हे इथं लिहिते, कारण तिथं म्हणता आलं नाही. अंगातून वीज गेली आणि त्याच क्षणी सरांकडे बघायचा धीर होईना.

सर उठले. आकडे स्वतः पाहिले, चष्मा लावून, चष्मा काढून. आकडेवालीला म्हणाले, पुन्हा एकदा तपास, उद्या तिसऱ्यांदा तपास. मग काठी घेतली आणि जिना चढून गेले. मला एक शब्दही नाही.

५ नोव्हेंबर

व्याख्यान घरी तीनदा म्हणून दाखवलं. सरांना मसुदा पाठवलाय, उत्तर नाही. विभागप्रमुख म्हणतात, निमंत्रणं गेलीत, निदान शीर्षक तरी सौम्य करा. मी नाही म्हणाले. मोह टाळायचा निश्चय मात्र अजून अभंग आहे. हल्ली तर बिस्किटांचा डबा घरात दिसतच नाही. नवरा म्हणतो, कुठे तरी असेल.

सर आलेच नाहीत तर? रिकाम्या खुर्चीपुढे त्यांचा सत्कार होईल आणि मी जिंकलेली असेन. असं जिंकणं मला नको आहे. पण सरांनी घातलेली अट मोडणं, हे तर त्याहून नको आहे.

१४ नोव्हेंबर

सगळं नीट लिहून ठेवते.

सभागृह गच्च भरलं होतं. सर आले. नवा कोट, काकू बरोबर, पहिल्या रांगेत मधोमध. माझ्याकडे बघितलं नाही. त्यांच्या मांडीवर माझा मसुदा होता आणि त्यावर लाल पेनाच्या खुणा दिसत होत्या.

मी आधी टाकी सांगितली. सरांनी माझ्यासाठी काय केलं तेही सांगितलं आणि तिथं माझा आवाज फाटला, फाटू दिला. मग तळघर सांगितलं. दाढीवाला आणि खिडकीतले पाय सांगितले तेव्हा लोक हसले. मग चार निकाल, एकामागून एक. शेवटचा आकडा पडद्यावर आला आणि सभागृहातून असा हुंकार उठला की माझ्या पायांखालचा मंच हलला असं वाटलं. वीस वर्षं यासाठी घालवली असती तरी कमीच. मी रंगात आले. म्हणाले, संयमी माणूस बघायचा तर त्याची मूठ बघू नका, त्याचं घर बघा, वस्तू कुठे ठेवल्यात ते बघा. आणि गमतीनं म्हणाले, माझ्यासारखा विसरभोळा नवरा असला की डबे आपोआप नाहीसे होतात आणि संयम फुकटात मिळतो. लोक पुष्कळ हसले. लेक इतकी हसली की तिला उठून बाहेर जावं लागलं. नवरा छताकडे बघत होता. विनोद एवढा चांगला असेल असं मला वाटलं नव्हतं.

टाळ्या थांबेनात. मग सत्काराला उत्तर द्यायला सरांना मंचावर बोलावलं आणि टाळ्या अशा थांबल्या की काठीचा आवाज शेवटच्या रांगेत गेला असेल.

सर म्हणाले, "चाळीस वर्षं मी माणसांना खुर्चीला जखडून विचारत होतो, की बाबांनो, तुम्ही दमता का. ती दमली, यात नवल काही नाही. नवल हे, की ती वळतायत हे मला दिसत होतं, आणि मी सुतार बोलावला."

सर पुढे म्हणाले, "महिनाभर मी हिच्याशी बोललो नाही. घरी हिच्या प्रयोगातली चूक शोधत बसलो होतो. चूक सापडेना. ती सापडेना तसा मला आनंद व्हायला लागला, आणि तो कसा सांगायचा ते या वयात जमेना." मग ते माझ्याकडे वळले. "आता माझा एक प्रश्न आहे. ज्यांना खुर्ची फिरवताच येत नाही त्यांचं काय? आजारी आईच्या उशाशी बसलेली मुलगी. यंत्रापुढून हलता न येणारा कामगार. त्यांना तुझं शास्त्र काय सांगतं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी मनात सगळे निकाल चाळले. म्हटलं, "माहीत नाही, सर."

"मलाही नाही," सर म्हणाले. "उद्या किती वाजता उघडतेस?"

मी म्हटलं, नऊ. मग काय झालं ते मला धड आठवत नाही. लोक उभे राहिले होते आणि काकू मला धरून रडत होत्या.

१५ नोव्हेंबर

सुट्टी होती तरी गेले. नव्या फरशीची खोली कालच ताब्यात मिळाली, अजून सिमेंटचा वास येतो. दारात सर उभे. घड्याळ दाखवून म्हणाले, पाच मिनिटं उशीर. मी ओशाळून कुलूप काढलं.

फळा पुसला आणि सवयीनं खडू त्यांच्यापुढे केला. त्यांनी घेतला नाही. समोरच्या बाकावर जाऊन बसले, काठी बाजूला ठेवली, खिशातून कागद काढून मांडीवर पसरला. मी सुरुवात केली. ज्यांना वळता येत नाही अशी माणसं कुठं भेटतील, त्यांना काय विचारायचं, मोजायचं काय. सर लिहून घेत होते. दोनदा त्यांनी प्रश्न विचारायला हात वर केला. एकदा म्हणाले, जरा सावकाश, शेवटचं वाक्य पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं आणि त्यांचं लिहून होईपर्यंत थांबले.